म्हातारीच्या रेडिएटरमध्ये काय आहे

२ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघी मायलेकी ठीक आहोत, तुम्हीही ठीक असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढताना चांगला पाय आधी टाक आणि उतरताना दुखरा, असं तिला सांग. आमच्या दातांच्या लॅबमध्ये प्लास्टरचे साचे ओतणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी दावा मांडलाय. हे त्यांचं शास्त्र, आणि त्यांना लागू पडलंय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा राग आला म्हणून, आणि दुसऱ्यांदा तो बरोबर जागी आलाय ना हे बघायला. चार ओळी खुशाली, त्याच्या दुप्पट उपदेश, आणि मग मुद्दा. अण्णांच्या गाडीला, आपल्या म्हातारीला, तू गिऱ्हाईक शोधलं आहेस. गृहस्थ सज्जन आहेत, जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, म्हातारीला फुलासारखी जपतील, आणि त्यांना फक्त एवढंच विचारायचं आहे की रेडिएटरमध्ये सध्या अँटीफ्रीझ कुठलं आहे. "तेवढं कळव," असं तू लिहितोस. गाडी विकायची आहे का, हे मला विचारायचं तुझ्याकडून बहुधा राहून गेलं. वय झालं की होतं असं.

पण गृहस्थ शहाणे दिसतात. रंग कसा आहे, सीटची गादी कशी आहे, हे न विचारता ज्यांनी पहिला प्रश्न रेडिएटरचा विचारला, त्यांना उत्तर मिळायलाच हवं. तर त्यांना असं सांग.

म्हातारीत जुन्या पद्धतीचं अँटीफ्रीझ आहे, दर दोन वर्षांनी बदलावं लागतं ते. दुकानात गेलं की दुकानदार हमखास दुसरं पुढे करतो. नवीन आलंय, पाच वर्षं बघायला नको, सगळ्या गाड्यांना चालतं. सगळ्या म्हणजे त्याच्या दुकानासमोर उभ्या असतात त्या. त्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आणि प्लास्टिकचे. आपल्या म्हातारीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, सांधे कथलाचा डाग देऊन जोडलेले, इंजिन बिडाचं आणि रबरी वायसर अण्णांच्या वयाचे. ते नवीन अँटीफ्रीझ जुन्या डागाला हळूहळू खातं आणि जुन्या रबराला मऊ करतं. पाच वर्षं ते टिकतं, रेडिएटर टिकत नाही. मी दिवसभर दातांच्या तारांना डाग देत बसते दादा, डाग कशाने सुटतो हे मला दुकानदाराने सांगायला नको.

दुसरी गोष्ट, नुसतं ओतायचं नाही. निम्मं पाणी, आणि तेही बॅटरीत घालतात ते शुद्ध केलेलं. नळाचं पाणी घातलं की आत क्षार धरतो. पुष्कळांना वाटतं, जितकं जास्त तितकं चांगलं. तसं नसतं, पाणी न घालता ओतलेलं अँटीफ्रीझ निम्म्या पाण्यातल्यापेक्षा आधी गोठतं. जुनं आणि नवीन एकमेकांत मिसळायचं नाही, त्याचा चिकट गाळ होतो आणि बारीक नळ्या तुंबतात. आणि थंडी लागायच्या आत तपासायचं. काचेची नळी मिळते, वर रबरी फुगा असतो, आत रंगीत गोळ्या. थोडं ओढून घ्यायचं, सगळ्या गोळ्या तरंगल्या की समजायचं, कितीही थंडी पडो. परवा आमच्या सगळ्या तरंगल्या. ठकीने टाळ्या वाजवल्या.

तिसरी गोष्ट महत्त्वाची, आणि इथेच आपल्या घराचं घोडं नेहमी पेंड खात आलंय. रंगावर जायचं नाही. अण्णा त्याला कधी अँटीफ्रीझ म्हणालेच नाहीत, 'निळं' म्हणाले. "निळं संपलं का बघ," "निळं भरायचा दिवस आला." तू आणि मी निळं म्हणतच मोठे झालो. त्यांच्या काळी ते खरंही असेल. पण रंग ज्याचा तो कारखाना आपल्या मर्जीने घालतो. निळ्या डब्यात नवीन असतं, हिरव्यात जुनं असतं, लाल तर काहीही असतं. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायची, चष्मा लावून.

ती न वाचल्यामुळे काय झालं, हेही गृहस्थांना सांगून टाक, लपवाछपवी नको. थंडीच्या आधी ठकीच्या बाबाने, मी कामावर असताना, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून म्हातारीत नवीन अँटीफ्रीझ भरलं. मोठा डबा आणला होता. रंग निळा. मी म्हटलं, हे चुकीचं आहे, काढावं लागेल. तर म्हणाला, "तुझे वडील निळं म्हणायचे, मी निळं आणलं. आता निळ्याचंही तुला वावडं?" यावर काय बोलणार? तो म्हणाला त्यात एक शब्द खोटा नव्हता. दादा, त्याचं कधीच खोटं नसतं. ही त्याची खासियत आहे.

महिनाभरात रेडिएटरच्या खालच्या सांध्यांना पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसायला लागलं आणि खाली थेंब. इकडे राहायला आल्यावर पहिल्या सुट्टीला मी ते सगळं काढलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, मिस्त्रीकडून दोन सांध्यांना पुन्हा डाग देऊन घेतला आणि जुन्या पद्धतीचं भरलं. मिस्त्री आधी मला म्हणाला, "बाई, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." मी म्हटलं, "साहेब बोलायला चांगले आहेत, पण रेडिएटर माझ्याकडे आहे." मग नीट काम केलंन त्याने.

जागा बरी आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, त्यात म्हातारी मावते आणि शिवाय एका माणसाला तिरकं चालायला जागा उरते. सकाळी ठकीला बालवर्गात सोडून मी लॅबमध्ये जाते. दुकानदाराने ठकीला काचा नसलेली एक चष्म्याची फ्रेम दिली आहे. ती घालून ती मला रागावते. चार वर्षांची पोर रागावते तेव्हा हुबेहूब तुझ्यासारखी दिसते.

बाकीचं तुला ठकीच्या बाबाकडून कळलं आहेच. त्यावर मी लिहिणार नाही. ठकीचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाल्या की मूत्रपिंडं नीट काम करताहेत, पुढच्या मंगळवारी पुन्हा दाखवायचं आहे. एवढं पुरे.

रविवारी तिकडे सगळे बसणार आहेत आणि तूही येणार आहेस, असं सासूबाईंनी कळवलं. ठकीने कुठे राहायचं, तेही तेव्हा ठरवणार म्हणे. मला न विचारता ठरवायला हरकत नव्हती, पण बोलावलंय, तर मी येईन. सगळीकडे एकच वाक्य फिरतंय, ते तुझ्या पत्रातही आलं: "रेडिएटरच्या पाण्यावरून कुणी नवरा सोडतं का?" सोडतं, दादा. मी सोडला आहे. तू त्या गृहस्थांना हे पत्र वाचून दाखव, त्यांना त्यातली पहिली दोन पानं उपयोगी पडतील. आणि शेवटी सांग की गाडी विकायची नाही.

वहिनीला नमस्कार. रविवारी भेटूच.

तुझी,
बारकी

१० डिसेंबर

दादा,

या वेळी आधी खुशाली लिहीत नाही. ती मधेच कुठेतरी येईल, तेव्हा वाच.

रविवारी तू त्यांच्या सोफ्यावर बसला होतास, ठकीच्या बाबाच्या शेजारी. मला खुर्ची दिली होती, जेवणाच्या टेबलाची, समोर. नोकरीच्या मुलाखतीला बसतात तशी. त्या खोलीत मी सहा वर्षं झाडू मारला, पण त्या जागेवरून ती कशी दिसते हे मला कधी माहीत नव्हतं. सासूबाई, त्यांचे थोरले दीर म्हणजे काका, तू, वहिनी. सगळे इतके गोड बोलत होते की मला वाटलं, मी आजारी आहे आणि मलाच अजून कळवलेलं नाही.

मग काकांनी घसा साफ केला आणि मी परत यायच्या अटी सांगितल्या. गाडी जाईल. मी लॅबमध्ये अर्धा दिवस जाईन. शाळा सुटल्यावर ठकी आजीकडे राहील, "म्हणजे पुन्हा तसं काही व्हायला नको." आणि ठकीचा बाबा माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या मनात आता काही नाही. मी तुला माफ केलंय."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. वहिनीने तर डोळे पुसले. कसा मोठ्या मनाचा माणूस, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तुझ्यासुद्धा.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या गोष्टीवर लिहिणार नाही. लिहिणार नव्हतेच. मला वाटलं होतं, तुला लिहायची गरजच नाही. आता लिहिते, म्हणजे माफी कशाची मिळाली ते तरी कागदावर येईल.

तो जो मोठा डबा त्याने आणला होता, त्यात निम्मं उरलं होतं. त्याला डबा हवा होता, त्याच्या ऑफिसच्या गाडीसाठी पाणी ठेवायला. म्हणून उरलेलं अँटीफ्रीझ त्याने सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली स्वयंपाकघराच्या दाराशी खालच्या फळीवर ठेवली. रिकाम्या बाटल्या तिथेच असायच्या. सुंदर निळं, आणि चवीला गोड असतं ते, तुला माहीत आहे. मला त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण उरलेलं डब्यातच असेल असं मी धरून चालले होते.

मी लॅबमधून आले तेव्हा तो आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. ठकी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, बाहुलीचा कप हातात. मला बघून हसली, उठली, आणि दारू प्यालेल्या माणसासारखी भेलकांडली. मला आधी वाटलं, खेळतेय. मग बाटली दिसली, झाकण उघडं. मी बाटली घेतली, पोर उचलली आणि म्हातारीतूनच दवाखान्यात गेले. खालून गळत होती तरी गेली ती, एकदाही बंद पडली नाही.

बाटली बरोबर नेली म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाल्या. काय प्यायलंय ते लगेच कळलं आणि लगेच औषध सुरू झालं. ठकीच्या एवढ्याशा हाताला सुई, पट्टीने लाकडी फळीला बांधलेला हात. मी दुसरा हात धरून उभी होते. तेवढ्यात तो पोचला. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "हे सरबताच्या बाटलीत कुणी ओतलं?"

आणि तो म्हणाला, "गाडी हिची आहे, डॉक्टर. ते सगळं सामान हिचंच असतं."

दादा, पुन्हा वाच ते वाक्य. गाडी माझी, खरं. सामान माझं, खरं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी काही बोलले नाही. तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता, ठकी डोळे उघडे ठेवेल की नाही. ती डोळे मिटायला लागली की मी तिला हाक मारत होते. त्या वेळी मी वाद घालायला हवा होता का? घातला नाही, एवढंच. आणि माझ्या त्या गप्प राहण्यावर त्याने घर बांधलं, मजल्यावर मजला. ठकी घरी आली तोवर सासूबाई शेजारणींना सांगत होत्या की आईच्या गाडीच्या वेडापायी पोर जाता जाता वाचली. तो हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. नुसता उसासा टाकायचा. मी एकांतात विचारलं, तू हे असं का होऊ देतोस? तर म्हणाला, "काही झालं का? नाही ना झालं? मग आता कुणी ओतलं याने काय फरक पडतो?"

ज्याने ओतलं त्याला फरक पडत नाही. म्हणून मी ठकीला आणि म्हातारीला घेऊन निघाले.

लोकांनी विश्वास ठेवला, त्याचं मला नवल नाही. देखणा आहे, हळू बोलतो, कुणाच्याही आजारपणात फळं घेऊन जातो. आपणही स्थळ आलं तेव्हा एवढंच बघितलं होतं, बारीक अक्षरं कुणीच वाचली नाहीत. मीही नाही. पण तू, दादा?

अण्णांच्या गॅरेजमध्ये डबा कुठे असायचा? तुला आठवतं. छताच्या तुळईला तारेने टांगलेला. तू शिडीवर चढून काढायचास आणि मी खाली उभी राहून शिडी धरायचे. भरून झालं की झाकण घट्ट, पुन्हा तार, पुन्हा तुळई. थेंब सांडला तर वाळू टाकून, वाळूसकट उचलायचा. काढलेलं जुनं निळं ठेवायला वेगळी बादली, तिला लाल पट्टा, आणि त्या बादलीला घरात पाऊल ठेवायची बंदी. एकदा तू ती बादली नुसती मागच्या पायरीवर ठेवलीस, तर अण्णांनी तुला जेवणावरून उठवलं होतं. का, ते त्यांनी एकदाच सांगितलं: "गोड आहे ते. गोड विषाला पहारा लागतो." शेजारीपाजारी हसायचे आपल्याला, की या घरात डबे वटवाघळासारखे टांगतात. सासरी आल्यावर मीही शेडच्या तुळईला तसाच टांगत आले. ठकीचा बाबाही हसायचा. आजही या शेडमध्ये तो टांगलेला आहे, येऊन बघ.

त्या घरात वाढलेली मी, ते सरबताच्या बाटलीत ओतेन? जगातल्या कुणाला हे माहीत नसेल तर नसू दे. पण ज्याला माहीत आहे असा एक माणूस त्या सोफ्यावर बसला होता.

मी त्या खुर्चीवरून म्हटलं, "मी ओतलं नाही. जे मी केलंच नाही, त्याची माफी मी घेणार नाही." सासूबाई म्हणाल्या, मग काय भुताने ओतलं? ठकीचा बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जाऊ दे ना आता." आणि मी तुझ्याकडे बघितलं. तू कपात बघत होतास. चहा संपला होता, मला दिसत होतं कप रिकामा आहे ते, तरी तू बघत होतास. मूग गिळून बसलेला माणूस कसा दिसतो, ते मला माझ्याच भावाच्या तोंडावर बघावं लागलं.

खरं सांगते, तरीही मी तुला सूट दिली. म्हटलं, विसरला असेल. तुळई, तार, बादली, सगळं विसरला असेल. शहरात, नव्या गाड्या, वर्षं गेली. विसरण्याबद्दल मी तुझ्यावर रागावले नसते.

पण मग तू माझ्यामागे जिन्यात आलास. माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "मला माहीत आहे गं, तू नाही ओतलंस. अण्णांची मुलगी असं करणारच नाही. पण आता उकरून काय मिळणार आहे? तोही माफ करतोय ना? घे मिटवून."

तू प्रेमानेच बोललास, हेही मला कळलं. म्हणून जास्त लागलं. तुला माहीत होतं. वरती बसलेल्या सगळ्यांत फक्त तुला माहीत होतं, आणि ते तू जिन्यात सांगितलंस. तिथे ऐकायला मी सोडून कुणी नव्हतं, आणि मला तर ते आधीच ठाऊक होतं.

मी खाली उतरले, आवारात शेजारणीपाशी खेळणाऱ्या ठकीला घेतलं. गाडीत बसले आणि चावी कुठे लावतात तेच क्षणभर सुचेना. मागच्या सीटवर ठकी चष्म्याची ती रिकामी फ्रेम घालून बसली होती. म्हणाली, मामा का नाही येत? मी म्हटलं, मामाला जमत नाही.

आता गाडीबद्दल. तुला अजून वाटतं, गाडी विकली की विषय संपेल. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दादा, गाडी विकली की कबुली झाली. उद्या ठकी मोठी होईल, कुणीतरी तिला सांगेल की तुझ्या आईच्या निष्काळजीपणामुळे तू मरता मरता वाचलीस, आणि मग आईला गाडी विकावी लागली. ती मला विचारेल, आई, मग विकलीस का? मला तिच्यापुढे खाली मान घालून उभं राहायचं नाही. म्हणून म्हातारी राहील. दर दोन वर्षांनी तिचं पाणी बदलेन, हात चालताहेत तोवर. तुम्हाला सगळ्यांना ते वेड वाटू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं वहिनी परवा माझ्याबद्दल म्हणाली ना? तिला सांग, सुंभ अजून जळलेलाच नाही.

काल मंगळवार होता. ठकीला दाखवायला नेलं. मी त्यालाही कळवलं होतं, की ये. तो आला. नेहमीसारखा नीट इस्त्रीचा शर्ट, ठकीसाठी रंगीत खडू. तीही त्याला बिलगली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. ठकी पूर्ण बरी आहे. आता पुन्हा यायची गरज नाही, म्हणाल्या. ही खुशाली.

त्या कागद बाजूला ठेवणार तेवढ्यात मी म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही एक प्रश्न विचारला होता. बाटलीत कुणी ओतलं म्हणून. त्याचं उत्तर राहिलंय. यांनी ओतलं."

शब्द सगळे आले. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मी त्या दिवशी जे बघणं सोसलं होतं ना, तेच. तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण बघितलं नाही त्याने. ठकीच्या डोक्यावरून हात फिरवत होता, तो थांबला. मग म्हणाला, "हो. पण मुद्दाम नव्हतं."

एवढंच. इतके आठवडे, सोफे, अटी, काका, माफी, आणि शेवटी तोंडातून निघाले चार शब्द. मी त्याला तिथेच सांगितलं, "मुद्दाम नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चूक कुणाच्याही हातून होते. हे चार शब्द तू त्या दिवशी बोलला असतास, तर मी तुझ्याच घरी असते."

तो रडला, दादा. खरंच रडला. मला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून माणूस परत जात नाही. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि ठकीला एक फुगा दिला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी त्याला सांगितलं, ठकी माझ्याकडे राहील, रविवारी दुपारी येऊन तिला फिरायला ने, वेळेवर आणून सोड, आणि तुझ्या आईला आज जे बोललास तेच घरी जाऊन सांग. तो हो म्हणाला. सांगेल की नाही, देव जाणे. मी आता त्याची वाट बघत नाही.

हे सगळं तुला का लिहितेय? साक्ष हवी म्हणून नाही. तुझ्या साक्षीवाचून माझं काम झालं. रविवारी मला वाटलं होतं की तू एक वाक्य बोललास तर मी वाचेन, नाहीतर बुडेन. तू बोलला नाहीस, आणि मी बुडाले नाही. आता यानंतर तू कधीही, कुठेही, कितीही मोठ्याने ते वाक्य बोललास, तरी ते माझ्या उपयोगाचं नाही. ते फक्त तुझ्या उपयोगाचं आहे.

हे वाचून तुला हायसं वाटेल. चला, परस्पर मिटलं, आपल्याला बोलावं लागलं नाही, असं वाटेल. मी तुला लहानपणापासून ओळखते, वाटेलच. तसं वाटलं तर मला कळवू नकोस. आणि तसं न वाटता मनाला कुठेतरी टोचलं, तर मलाही कळवू नकोस. गाडी काढ, त्यांच्या घरी जा, त्याच सोफ्यावर बस आणि सगळ्यांसमोर बोल. मग इकडे ये. त्याआधी येऊ नकोस. मी जिन्यातलं बोलणं पुन्हा ऐकणार नाही.

ठकीचा मामाला पापा. तिने सांगितलाय म्हणून लिहिला.

माफी न घेतलेली,
तुझी बहीण